फॅशन डिझाइनमधला पगार आणि बाकीच्या सवलती : इंदूरच्या मुलामुलींचे, आईवडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाईचं वय आणि पुरुषाचा पगार विचारू नये, असं आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. त्या संकोचापायी आपल्या मुली पहिल्या नोकरीच्या कागदावर न वाचता सही करतात, हे मी फार वेळा पाहिलंय. मी स्वतःही तशीच केली होती. चौदा वर्षं या कामात आहे: आधी नोएडाच्या एका एक्सपोर्ट हाउसमध्ये, मग मुंबईत एका ब्रँडकडे, आणि आता इंदुरात परदेशीपुऱ्याजवळ माझं लहानसं सॅम्पलिंग युनिट आहे. त्यामुळे पगार घेणं आणि पगार देणं, दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. रामबागेतल्या हळदीकुंकवाला, गणपतीच्या मंडपात, कधी थेट घरी येऊन लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. मुलांशी मी एकेरीत बोलते, आईवडिलांशी अहोजाहो. तेही तसंच ठेवलंय.

ताई, फॅशन डिझायनरला सुरुवातीला पगार किती मिळतो?

एकच आकडा सांगितला तर मी तुझी दिशाभूल करीन. 'फॅशन डिझायनर' या पाटीखाली निदान दहा वेगळी कामं चालतात. एक्सपोर्ट हाउसमधली असिस्टंट डिझायनर परदेशी बायरच्या सीझनप्रमाणे टेक पॅक, म्हणजे कपड्याची मापं, कापड, शिलाई असा सगळा तपशील लिहिलेला कागद, बनवते. मर्चंडायझर तोच माल वेळेवर आणि ठरलेल्या किमतीत जावा म्हणून फॅक्टरी आणि बायर यांच्यामध्ये उभी असते. पॅटर्न मास्टर कागदावरचं चित्र अंगाला बसेल असं करतो. कुणी कॅडवर, म्हणजे संगणकावर, प्रिंट काढतं, कुणी ऑनलाइन ब्रँडच्या शूटसाठी स्टायलिंग करतं, कुणी बुटीकमध्ये नवरीचा लेहंगा ठरवतं, कुणी मालिकांचे कपडे सांभाळतं. प्रत्येकाचा पगार वेगळा, तो वाढण्याचा वेग वेगळा आणि वर चढण्याची शिडीही वेगळी.

म्हणून प्रश्न असा विचार: कोणत्या शहरात, कोणत्या प्रकारच्या जागी, नेमकं कुठलं काम, आणि दोन वर्षांनी तेच काम करणाऱ्याला किती? शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला 'डिझायनर' हे पद कमी पैशांत घेण्यापेक्षा मर्चंडायझिंग किंवा पॅटर्नचं पक्कं काम शिकवणारी जागा बरी. कपडा कसा बनतो आणि त्याची किंमत कशी बसते हे ज्याला कळतं, त्याला पगाराची बोलणी करताना हातात काहीतरी असतं.

गुगलवर तर वर्षाला साठ-पासष्ट लाख दिसतात. ते खोटं आहे का?

खोटं नाही, पण ते आपल्याकडचं नाही. अमेरिकेच्या कामगार विभागाचं सांख्यिकी कार्यालय दरवर्षी व्यवसायवार पगार प्रसिद्ध करतं. मे २०२३ मध्ये तिथल्या फॅशन डिझायनरचा मध्यम पगार वर्षाला ७९,२९० डॉलर होता. त्याला त्र्याऐंशीनं गुणलं की पासष्ट लाख होतात, आणि कुणीतरी तो आकडा लेखात टाकून मोकळं होतं. तिथली ही पदं मुख्यतः न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात आहेत. तिथलं घरभाडं, विमा, कर सगळं त्या पगारातूनच जातं. डॉलरचे रुपये करून इंदूरच्या मुलीचं भविष्य मोजता येत नाही.

त्या कार्यालयाच्या पानावरून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. ते नुसती सरासरी देत नाहीत. तळाचे दहा टक्के किती कमावतात, वरचे दहा टक्के किती, हेही देतात. आपण इथे माहिती गोळा करताना तेच करायचं.

मग आपल्याकडचे खरे आकडे शोधायचे कुठे?

चार वाटा आहेत, आणि चारही चालाव्या लागतात.

पहिली, नोकरीच्या जाहिराती. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर 'असिस्टंट डिझायनर', 'फॅशन मर्चंडायझर', 'टेक्निकल डिझायनर', 'पॅटर्न मेकर' असे वेगवेगळे शब्द टाकून नोएडा, गुरुग्राम, मुंबई, बंगळुरू, जयपूर, तिरुपूर, सुरत आणि इंदूर यांच्या जाहिराती महिनाभर वहीत उतरव. पद, शहर, मागितलेला अनुभव, दिलेली पगाराची कक्षा. बऱ्याच जाहिरातींत पगार लिहिलेलाच नसतो. तेही टिपून ठेव. चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की कुठल्या कामाला कुठे मागणी आहे ते तुला कुणी सांगावं लागणार नाही.

दुसरी, ॲम्बिशनबॉक्स आणि ग्लासडोअर. इथे कर्मचारी स्वतः पगार भरतात. आकड्याखाली किती जणांनी माहिती दिली ते पाहा. सहा जणांच्या उत्तरावर काढलेली सरासरी म्हणजे सहा जणांच्या गप्पा. आणि तिथला आकडा बहुधा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो, हातात येणाऱ्या पगाराचा नाही.

तिसरी, सरकारी आकडे. त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात, म्हणजे २०१५ च्या एनसीओमध्ये, कपड्यांचे डिझायनर २१६३ या गटात येतात, आणि त्याच गटात वस्तूंचे डिझायनरही येतात. मिक्सरचं डिझाइन करणारा आणि कुर्तीचं करणारी एकाच खान्यात. तिथून तुझ्या नेमक्या कामाचा भाव निघत नाही.

चौथी वाट माणसांची, आणि खरी माहिती तिथेच मिळते. भोपाळला निफ्टचं, म्हणजे सरकारी फॅशन संस्थेचं, केंद्र २००८ पासून आहे, इंदुरातही डिझाइन शिकवणारी कॉलेजं आहेत. तिथून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुली शोध. त्यांना 'तुझा पगार किती?' असं विचारू नकोस. 'माझ्यासारखी नवीन मुलगी तुमच्याकडे आली तर किती ते किती देतील, आणि हातात किती येईल?' असं विचार. स्वतःचा आकडा सांगायला लाजणारी मुलगी याचं उत्तर मोकळेपणी देते. मग तीन गोष्टी आणखी विचार: पगार कुठल्या तारखेला होतो, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापतात का, आणि गेल्या वर्षी किती जणी सोडून गेल्या. अशा पाच जणींशी बोललीस की वीस वेबसाइटींपेक्षा जास्त कळेल.

आमच्या मुलीला जे कॉलेज मिळतंय, त्यांचं 'ॲव्हरेज पॅकेज' साडेपाच लाख आहे. फी भरावी का?

काका, आधी एक छोटं गणित पाहा. समजा पाच मुलांना नोकरी लागली: ३ लाख, ३ लाख २० हजार, ३ लाख ५० हजार, ४ लाख आणि एकाला १४ लाख. सरासरी येते ५ लाख ५४ हजार. पण त्या पाचांपैकी चौघांना ४ लाख किंवा त्याहून कमीच मिळालेत. आकडे ओळीनं लावून मधला उचलला तर तो साडेतीन लाख. तुमच्या मुलीला बहुतेक तो मधला आकडा मिळणार, पत्रकावरचा नाही.

म्हणून कॉलेजला 'मिडियन' विचारा. एकूण किती विद्यार्थी होते, त्यांतले किती प्लेसमेंटला बसले, किती जणांना खरंच नोकरी लागली, आणि वडिलांच्या दुकानात बसलेल्याला 'प्लेस्ड' धरलंय का, हेही विचारा. उत्तर लेखी मागा. जे कॉलेज हे आकडे द्यायला टाळाटाळ करतं, तिथे कर्ज काढून फी भरू नका, असं मी माझ्या भाचीच्या बाबतीतही सांगितलं होतं.

ऑफर लेटरवर महिना ३० हजार लिहिलंय, पण मैत्रीण म्हणते हातात साडेबावीसच येतील. बाकीचे जातात कुठे?

मैत्रीण बरोबर सांगतेय. सीटीसी म्हणजे कंपनीला तुझ्यापायी येणारा सगळा खर्च. तो तुझा पगार नव्हे. एक नमुना मांडते, म्हणजे तुझं पत्र समोर ठेवून तू जुळवून पाहशील.

वर्षाची सीटीसी ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ३० हजार. त्यात बेसिक १५,०००, घरभाडे भत्ता ६,०००, स्पेशल अलाउन्स ३,५००. इथवर झाले २४,५००. उरलेल्या ५,५०० मध्ये कंपनीनं तुझ्या नावानं भरायचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची (काही वर्षांच्या नोकरीनंतर सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ७२१, मेडिक्लेमचा हप्ता ४७९, आणि 'परफॉर्मन्स' म्हणून २,५००. हे शेवटचे अडीच हजार वर्षाच्या शेवटी मिळतील, आणि तेही कंपनीनं ठरवलं तर. आता २४,५०० मधून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला जातो, थोडा प्रोफेशनल टॅक्स जातो, आणि खात्यात साधारण साडेबावीस हजार जमा होतात.

यात फसवणूक नाही. पीएफचे पैसे तुझेच आहेत. तू १२ टक्के भरतेस, कंपनीही १२ टक्के भरते; कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० तुझ्या पीएफमध्ये. म्हणजे दरमहा २,३५० तुझ्या खात्यात साठतात. पाच वर्षांत व्याज सोडून १ लाख ४१ हजार. २०२४-२५ साठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. बचत खात्यावर एवढं कुठली बँक देत नाही.

पाहायचं असतं ते हे: ठरावीक किती आणि 'जमलं तर' किती. ३० हजारांपैकी आठ-दहा हजार 'व्हेरिएबल' असतील तर तो आकडा मोठा दिसतो इतकंच. मागच्या वर्षी लोकांना त्यातले किती टक्के मिळाले, असं सरळ विचार.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी बेसिक मुद्दाम सात-आठ हजार ठेवून बाकी भत्त्यांत घालायचे, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी भरावी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. तुझ्या पत्रात बेसिक फारच कमी दिसलं तर एचआरला याबद्दल विचार.

आयकराची चिंता सुरुवातीला करू नकोस. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी.

एका बुटीकमध्ये रोख २५ हजार देतायत. पीएफ नाही, स्लिप नाही. वरच्या नोकरीपेक्षा अडीच हजार जास्तच झाले की!

हातात जास्त आहेत, हे खरं. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघ. कंपनीत तुझ्या नावावर पीएफ साठतो, आजारपणाला विमा आहे, आणि पाच वर्षं राहिलीस तर ग्रॅच्युइटी: शेवटचं बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १५ हजारांवर ती ४३ हजारांच्या वर जाते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या संहितेत एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

आणि स्लिप नसण्याचं नुकसान पुढच्या नोकरीत कळतं. नवीन ठिकाणी 'आधीचा पगार किती?' असं विचारतात आणि तीन महिन्यांच्या स्लिपा मागतात. तुझ्याकडे दाखवायला काहीच नसेल तर ते तुला पुन्हा फ्रेशर धरतात. बँकेचं कर्जही त्याच कागदावर मिळतं.

तरीही बुटीकला सरसकट नाही म्हणू नकोस. लहान बुटीकमध्ये वीस माणसं नसतील तर पीएफ कायद्यानं सक्तीचा नाही. दहा नसतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमाही नाही. मालकीण वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. तिथे अड्ड्यावर (कापड ताणून बसवायच्या चौकटीवर) कारीगराशेजारी बसून जरदोजी कळते, खाका, म्हणजे नक्षीचा आराखडा, कापडावर कसा उतरवतात ते कळतं, गिऱ्हाइकाशी बोलायला येतं. फक्त पगार बँकेत घे, नेमणुकीचं पत्र लिहून घे, आणि पीएफ नसल्यामुळे त्यातले दोन-तीन हजार दरमहा स्वतः बाजूला टाक. माझ्या युनिटमध्ये पाचच माणसं आहेत. मीही पीएफ भरत नाही, पण स्लिप प्रत्येकाला देते, कारण त्यांना पुढे जायचंय.

पीएफ कापला म्हणतात. भरला की नाही हे कसं समजायचं?

याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

माझ्या पहिल्या नोकरीत दर महिन्याच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसायचा. तीन वर्षांनी बाबांच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला गेले तेव्हा कळलं की अकरा महिन्यांचा भरणाच झालेला नाही. माझे कापलेलेही नाहीत आणि त्यांचेही नाहीत. तक्रार करून, खेपा घालून ते पैसे मिळाले, पण ऑपरेशन होऊन गेल्यावर. त्या वेळी माझ्या मावसभावानं पैसे दिले नसते तर काय केलं असतं, हा विचार अजून मनात येतो.

म्हणून रुजू झाल्या झाल्या तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, माग, तो स्वतःच्या मोबाइलवर चालू करून घे, आणि उमंग या सरकारी ॲपवर किंवा ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पासबुकवर दर महिन्याला बघ. मागच्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. दोन महिने नोंद दिसली नाही तर आधी एचआरला ईमेलनं विचार, तोंडी नको. उत्तर आलं नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर जा. इंदुरात त्यांचं कार्यालयही आहे.

आपल्या शहराला तर हे वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांची देणी अडकली. २२४ कोटी रुपयांचा मार्ग मोकळा झाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. तोवर कित्येक कामगार गेले होते. त्यांच्या बायकामुलांनी ते पैसे घेतले. नंदानगर, परदेशीपुऱ्यात अशी घरं आजही आहेत. कपड्याच्या धंद्यात जाणाऱ्या इंदूरच्या मुलीनं आपल्या देण्यांचा हिशेब दर महिन्याला बघावा, असं मी म्हणते ते यामुळे.

ईएसआय चांगलं की मेडिक्लेम?

तुम्हाला निवडता येत नाही, पगार ठरवतो. महिन्याचं वेतन २१ हजारांपर्यंत असेल आणि जागी दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. म्हणजे २० हजारांवर तुमचे १५० आणि त्यांचे ६५०. त्यात आईवडील अवलंबून असतील तर त्यांच्यावरही उपचार होतात, आणि आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. इंदुरात नंदानगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. रांग असते, पण मोठ्या ऑपरेशनला घरातलं सोनं गहाण टाकावं लागत नाही.

मेडिक्लेम असेल तर तीनच गोष्टी विचारा: रक्कम किती, आईवडील त्यात येतात का, आणि नोकरी सोडल्यावर तो चालू ठेवता येतो का.

नेमणुकीच्या पत्रात नेमकं काय बघू?

आधी पत्र मिळतंय का ते बघ. नव्या संहितांप्रमाणे ते देणं मालकावर बंधनकारक आहे. 'आधी काम बघू, मग देऊ' हे ऐकून तीन महिने काम करू नकोस.

मग पद, पगाराची फोड, प्रोबेशन किती आणि त्यानंतर पगार वाढणार का, नोटिस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का, रजा किती, कामाचे तास. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा, आणि नोकरी सोडल्यावर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत, असं वेतन संहिता सांगते. आपल्या धंद्यात आणखी तीन खर्च असतात जे कुणी आधी बोलत नाही: लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर कुणाचं, सॅम्पलसाठी कापड आणायला गेलीस तर रिक्षाचे पैसे कोण देणार, आणि शूटला रात्री उशीर झाला तर घरी कोण सोडणार. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली असतात. मुलाखतीला गेलीस की नजर टाक.

दोन वर्षांचा बाँड मागतायत. 'बाँड कोर्टात टिकत नाही' असं सगळे म्हणतात.

सगळे चुकीचं सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. खरंच प्रशिक्षणावर किंवा भरतीवर खर्च झाला असेल आणि रक्कम वाजवी असेल तर तो टिकू शकतो. टिकत नाही ते असं कलम की नोकरी सोडल्यावर तू दुसऱ्या कुठल्याही ब्रँडकडे जायचं नाहीस. तेव्हा बाँड किती रकमेचा, कशाच्या बदल्यात, आणि महिने जातील तशी रक्कम कमी होते का, हे विचारून मगच सही कर. मूळ मार्कशीट मात्र कुणालाही ठेवायला देऊ नकोस. प्रत दे, मूळ दाखव आणि परत आण.

इंदुरातच राहावं की मुंबई-दिल्लीला जावं?

पैशांचा भाग सोपा आहे. दोन्हीकडचा हातात येणारा पगार लिही, त्यातून भाडं, डबा, प्रवास आणि वर्षातून तीनदा घरी यायचं तिकीट वजा कर, आणि उरेल ते तोल. खर्चाचे आकडे तिथे राहणाऱ्या मुलीकडून घे, अंदाजानं लिहू नकोस. मुंबईत दहा हजार जास्त मिळूनही महिन्याच्या शेवटी काही न उरणाऱ्या मुली मी पाहिल्यात, मी त्यांतलीच एक होते.

पण तिथली तीन वर्षं मला अजून पोसतायत. बायरशी बोलणं, वेळापत्रक, कॉस्टिंग हे मी तिथे शिकले. म्हणून घरची अडचण नसेल तर दोन-तीन वर्षं बाहेर काढावीत असं मला वाटतं.

इथेही काम वाढतंय. परदेशीपुऱ्याचा रेडिमेड गारमेंट कॉम्प्लेक्स, पीथमपूरची युनिटं, एमटी क्लॉथ मार्केटचे व्यापारी आहेतच. धार जिल्ह्यात भैंसोल्याच्या पीएम मित्र पार्कची, म्हणजे कापड उद्योगाच्या सरकारी वसाहतीची, पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ ला झाली. अशा ठिकाणी सॅम्पलिंग, क्वालिटी, प्रॉडक्शन आणि मर्चंडायझिंगची माणसं लागतात. ज्याला मशीनवर काय होतं ते कळतं त्याला आधी बोलावतात.

हातमागाची आवड असेल तर महेश्वर जवळच आहे. अहिल्याबाईंपासूनची ती परंपरा, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटी या विणकरांसाठीच्या संस्थेनं तिला पुन्हा उभं केलं. बाघचं ठसेकाम धारकडे. इथे डिझायनरला बहुधा प्रकल्पाप्रमाणे मानधन मिळतं. मोबदला लहान, पण दोन महिने मागाशेजारी बसून जे कळतं ते वर्गात बसून कळत नाही. फक्त मानधन किती हप्त्यांत आणि केव्हा, एवढं लिहून घे.

लग्न झालं, बाळ झालं तर? या क्षेत्रात मुली टिकतात का हो?

टिकतात काकू, नोकरी नीट निवडली तर. दहा किंवा जास्त माणसांच्या जागी पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते. बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. ईएसआयमध्ये असेल तर हे पैसे ईएसआय देतं.

मुलाखतीत 'लग्न केव्हा करणार?' असं विचारलं तर मुलीनं शांतपणे 'माझ्या कामाबद्दल विचारा' असं म्हणावं. त्याच कामाला मुलाला जास्त आणि मुलीला कमी देणं कायद्यात बसत नाही. आणि काकू, तुम्हीही 'संसार सांभाळून जमेल तेवढंच कर' हे तिला आजपासूनच सांगू नका. ती मागताना आधीच कमी मागेल.

लग्नसराईत रात्री अकरापर्यंत थांबवतात. त्याचे पैसे मिळतात का?

मशीनवरच्या कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो. डिझायनर किंवा सुपरवायझर म्हणून नेमलेल्यांच्या बाबतीत मालक हात वर करतात आणि त्यावर वाद होतो. त्यामुळे सीझन सुरू होण्याआधीच, म्हणजे देवउठनी एकादशीच्या आधी, जादा दिवसांची बदली रजा आणि रात्रीचं जेवण व गाडी एवढं ईमेलवर ठरवून घे.

किमान वेतनाचे दर राज्य दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये महागाई भत्त्यासह बदलतं. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदुरातच आहे. तुझ्यासोबत काम करणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या मावश्यांना ते दर वाचून दाखव.

फ्रीलान्स करायचंय. एका डिझाइनचे किती घ्यावेत?

उलटीकडून हिशेब कर. वर्षाला तुला किती हवेत ते ठरव, त्यात लॅपटॉप, सॉफ्टवेअर, वीज, स्वतःचा विमा आणि पीएफऐवजीची बचत मिळव. मग वर्षात खरे किती दिवस काम मिळेल त्यानं भाग. तीनशे धरू नकोस. सुरुवातीला दीडशे मिळाले तरी खूप. जो आकडा येईल तो तुझा दिवसाचा दर. नोकरीतल्या पगाराला तीसनं भागून दर ठरवणाऱ्या मुली वर्षभरात दमतात.

निम्मे पैसे आधी घे. किती स्केचेस, किती वेळा बदल करून देणार हे लिही, नाहीतर 'गळा जरा असा करून दे ना' याला अंत नसतो. कंपनी सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापेल. तो तुझ्या पॅनवर जमा झाला का ते बघून रिटर्न भर. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांपर्यंत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आजच कर, ती फुकट आहे. ती असली की गिऱ्हाईक कंपनीनं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मी माझ्या बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून पैसे लवकर येतात.

नोकरीत केलेली डिझाइन्स माझ्या पोर्टफोलिओत टाकता येतील का?

वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात काढलेलं चित्र मालकाचं असतं. म्हणून रुजू होतानाच 'बाजारात आल्यानंतर पोर्टफोलिओत दाखवायला हरकत नाही' एवढं एक वाक्य ईमेलनं घे. बहुतेक जण देतात. पोर्टफोलिओ हाच पुढच्या पगाराचा पाया आहे, त्यामुळे हे वाक्य मला हजार रुपयांच्या वाढीपेक्षा मोलाचं वाटतं.

'तुमची अपेक्षा किती?' असं विचारलं की माझी जीभ अडखळते.

घरी आरशासमोर मोठ्यानं म्हणून बघ: 'या कामाला या शहरात इतके ते इतके मिळतात असं मला कळलंय. माझं टेक पॅकचं आणि पॅटर्नचं काम बघून तुम्ही त्यात मला कुठे धराल?' आकडा तुझ्या वहीतला असला की आवाज आपोआप स्थिर होतो. पगार वाढवायला त्यांनी नाही म्हटलं तर सहा महिन्यांनी फेरविचार, सॉफ्टवेअरचं लायसन्स, किंवा शनिवारची सुट्टी माग. त्यानंतर गप्प बस आणि त्यांना बोलू दे.

ऑफर आली की 'दोन दिवसांत कळवते' म्हण. पहिल्या संध्याकाळी पगाराची फोड वहीत उतरव आणि हातात किती येतात ते काढ. दुसऱ्या दिवशी तिथे काम करणाऱ्या एका मुलीला फोन कर. शंका राहिली तर पत्र घेऊन माझ्याकडे ये; सकाळी दहाच्या आधी मशीन सुरू नसतात, तेव्हा निवांत बसून वाचता येतं.